उंदरीची डबी

मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या पोरांची शी चाळणीवर घासत होते.

"जेवताय वगैरे नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण हातात चमचा आहे," मी म्हटलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना थट्टा कळत नाही, आणि कळली तरी त्या ती मनावर घेत नाहीत. "डॉक्टर म्हणाले, चौथीचा सगळा वर्ग जंतांनी भरलाय," त्या म्हणाल्या. दातात काहीतरी अडकावं आणि काडी सापडू नये, तसा त्यांनी 'जंत' हा शब्द उच्चारला. "शी! ऐकल्यापासून मला घास गिळवत नाहीये."

मला गिळवतो. मी आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासनीस आहे आणि माझं कामच ते आहे. आमच्या डॉक्टरांनी शाळेतल्या मुलांवर एक अभ्यास काढला होता. मुलांच्या रक्तात लोह किती, जस्त किती, अ जीवनसत्त्व किती ते बघायचं, शीमध्ये जंतांची अंडी किती ते मोजायचं, आणि शाळेतलं जेवण मुलांच्या अंगी किती लागतं नि जंतांच्या किती, ते शोधायचं. प्रत्येक मुलाला झाकणाची एक प्लास्टिकची डबी, डबीवर नंबर. ती घरून भरून आणायची. मी त्यातलं थोडं कागदावर घेते, वरून बारीक जाळीची चाळणी दाबते, जाळीतून वर येतं ते चमच्याने खरवडून काचेवर घेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजते. चोथा चाळणीखाली राहतो, तो फेकायचा. ऐकून तुमचं तोंड वाकडं झालं असेल तर होऊ द्या. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचंही होतं, आणि मग ते माझ्या हातचा चहा नको म्हणतात.

खरं सांगते, शीची किळस मला पहिल्या महिन्यातच सोडून गेली. उरली ती सगळी माणसांच्या वाट्याला आली.

आता त्या शाळेचंच बघा. तिथे दोन संडास आहेत. एक पाहुण्यांसाठी, त्यात गुलाबी वासाची वडी लटकवलेली, आरसा, हात पुसायला कागद, आणि किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. दुसरा मुलांसाठी. त्याचा नळ कधीचा मोडलेला, बादली तळाला फुटलेली, आणि दाराच्या आत पाऊल टाकायचं तर आधी कुठे टाकायचं ते ठरवावं लागतं. बहुतेक पोरं घरी जाईपर्यंत दाबून धरतात. ज्यांना धरवत नाही ती भिंतीमागे जातात. तीही अनवाणी, कारण व्हरांड्याची फरशी चकाकत राहावी म्हणून मोठ्या बाई सगळ्यांचे बूट फाटकाशीच काढून ठेवायला लावतात. फरशी खरंच चकाकते, पाहुणे तिचंच कौतुक करतात. भिंतीमागून मात्र मी नाक दाबून जाते, आणि माझं नाक तसं सहजासहजी दबत नाही.

"हे जेवणातूनच आलंय, दुसरं काय असणार?" मोठ्या बाई फोनवर म्हणत होत्या. "तुमच्या बहिणीची डबी मला सोमवारी हवी. नाहीतर स्वयंपाकाला दुसरी बाई बघावी लागेल. ओळख आहे म्हणून आधी सांगतेय हं."

शाळेची स्वयंपाकीण माझी थोरली बहीण. भाऊजी गेले तेव्हापासून ती तिथे आहे, आणि तिच्यामागे मी. शाळेच्या स्वयंपाकघराला लागून दोन खोल्या आहेत, त्या नोकरीबरोबरच्या. नोकरी गेली की खोल्या गेल्या. मग माझ्या तुटपुंज्या पगारात आम्ही दोघी कुठे जाणार, याचा विचार करायलाही मला धीर होईना.

"बाई, यातल्या एका जातीचे जंत पायातून शिरतात," मी म्हटलं. "अनवाणी पायातून. तुम्ही मुलांचे बूट काढायला लावता ना, ते जर—"

"पायातून? मुलं काय पायाने जेवतात का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती डबी मी तशीच झाकून ठेवली आणि हात धुतले, आणि मग पुन्हा धुतले, कारण फोनही धरला होता.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात मोठी पातेली पालथी घालत होती. ती पातेली घासते तेव्हा आपण मध्ये यायचं नाही, आपल्यालाही घासेल अशी भीती वाटते. नखं कायम मुळापासून कापलेली, केस रुमालात गच्च बांधलेले, आणि पाणी इतकं कढत की दुसऱ्या कुणाला त्यात बोट घालवणार नाही. मी तिला मोठ्या बाईंचं म्हणणं सांगितलं. शक्य तितकं गोड करून सांगितलं, पण ते काय गोड होणार!

"डबीत?" ताई म्हणाली.

"हो."

"कोण? मी?"

"अगं, मीच तपासणार आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तू तपासणार!" तिने पातेलं दाणकन ठेवलं. "ढमे, लहानपणी तुझी मी धुतलीय. आता या वयात माझी मी तुला डबीत घालून देऊ? आणि ती बया माझ्या नावाचा कागद हातात घेऊन वाचणार?" लहानपणी मी गुटगुटीत होते, म्हणून ताई मला अजून ढमी म्हणते. आता हाडं दिसतात, तरी म्हणते.

"नाही दिलीस तर काढून टाकेल तुला."

"टाकू दे."

"आणि आपण राहायचं कुठे?"

ताईने पातेलं सोडलं. ओल्या हातांनीच ओट्याला टेकून उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "इतकी वर्षं त्या पोरांच्या तोंडात घास घातला गं मी. त्यातलं एक जरी माझ्यामुळे आजारी पडलं असेल ना, तर मी स्वतःच्या पायाने निघून जाईन. पण आधी मला घाणेरडी ठरवायचं आणि मग मी घाणेरडी नाही हे मीच डबीत घालून दाखवायचं, हे नाही जमणार. तिला म्हणावं, आधी तुझी दे."

ताई एकदा नाही म्हणाली की संपलं. तिला समजावण्यापेक्षा तिचं पातेलं समजावलेलं बरं. मी मनात म्हटलं, सोमवारच्या आत आपल्यालाच काहीतरी शोधायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर नाचत नाचतच प्रयोगशाळेत आले. डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत, आणि माझ्या टेबलावर बसून बिस्किटं खातात. एका हातात बिस्किट, दुसऱ्या हाताने सूक्ष्मदर्शकाची कळ फिरवतात, मग हातांची अदलाबदल करतात. मी कितीदा सांगितलं. ते हसतात आणि चुरा फुंकरीने माझ्या काचांवर उडवतात. जंतांवर व्याख्यानं देणारा माणूस हा! मला त्यांच्याकडे बघून ढवळतं.

"रक्ताचे आकडे आले," ते म्हणाले. "चौथीचं रक्त ठणठणीत! लोह उत्तम, जस्त उत्तम. पोटात जंतांचा बाजार भरलाय आणि रक्ताला त्याचा पत्ता नाही! कळतंय का तुम्हाला हे काय आहे?"

"काय आहे?"

"शोध आहे! या मुलांच्या जेवणात असं काहीतरी आहे की जंत असूनही काही कमी पडत नाही. मी पुढच्या परिषदेत हेच मांडणार."

मला गंमत वाटली. एकाच वर्गाच्या एकाच शीवरून मोठ्या बाई माझ्या बहिणीला विषारी ठरवत होत्या आणि डॉक्टर तिच्या हाताला अमृत चिकटवत होते. दोघांपैकी एकालाही तिच्या स्वयंपाकघरात डोकवावंसं वाटलं नव्हतं.

"एकाही मुलाचं रक्त कमी नाही?" मी विचारलं.

"एक मुलगी आहे. तिचं रक्त म्हणजे निव्वळ पाणी. सुई टोचली तेव्हाच परिचारिका म्हणाली होती, हिच्या अंगात आहे काय म्हणून. पण तिची डबीच आली नाही. रक्त आहे आणि डबी नाही, म्हणजे अर्धवट. तिला मी गणतीतून काढून टाकलं." त्यांनी दुसरं बिस्किट तोंडात टाकलं.

गणतीतून काढून टाकलं! वर्गात जी एक पोर खरोखर आजारी, तिलाच वगळून यांचा वर्ग ठणठणीत झाला होता. मला त्या बिस्किटाचा आवाजसुद्धा सहन होईना. ते गेल्यावर मी टेबल पुसलं आणि शीतपेटीतून चौथीच्या सगळ्या डब्या बाहेर काढल्या.

आमच्या कामात डब्या एकेक करून हातात येतात, मध्ये दुसऱ्या वर्गांच्या येतात. एकेकटी बघितली की काही वाटत नाही. त्या दिवशी मी चौथीच्या डब्या पहिल्यांदाच ओळीने मांडून, झाकणं उघडून बघितल्या. आता हे सांगायला नको, पण सांगते. दहा मुलांच्या दहा तऱ्हा असतात. एकाची पातळ, एकाची लेंडकांसारखी, एकीत टोमॅटोची सालं, एकीत न चावलेले मक्याचे दाणे. इथे मात्र ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग, एकच वास, एकच चिकटपणा. सगळ्यांत तीच दोन जातींची अंडी, एक खडबडीत कवचाची, एक नितळ पातळ कवचाची. मी पुन्हा चाळणी घेतली आणि या वेळी वर आलेलं सोडून खालचा चोथा बघितला. प्रत्येक चोथ्यात लालसर, रेतीसारखी खर होती. बोटांत घेऊन चुरली तर कचकच लागली.

शी खोटं बोलत नाही असं मी आजवर ठणकावून सांगत आले होते. ही बोलत नव्हतीच. पण चौथीचा अख्खा वर्ग एका पोटाने जेवत असल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

ती खर मी धुऊन, वाळवून, कागदाच्या पुडीत घेऊन ताईकडे गेले. कुठून आली ते आधी सांगितलं नाही, नाहीतर तिने मला पुडीसकट बाहेर काढलं असतं.

"ही तर वीट आहे," ताई म्हणाली. "माझ्या कोठीच्या भिंतीची. तिथला गिलावा पडलाय ना, आतली वीट अशीच भुसभुशीत लाल आहे. कुठे मिळाली तुला?"

"ही कुणी खातं का गं?"

ताईने कपाळावर हात मारला. "उंदरी! चौथीतली. सगळी पोरं उंदरीच म्हणतात तिला. शाळा उघडायच्या आधी येऊन माझ्या कोठीच्या भिंतीला टेकून बसते आणि नखाने वीट कोरून कोरून खाते. किती मारलं तिच्या हातावर, भात दिला, उकडलेलं अंडं दिलं. अंडं खाते आणि पुन्हा वीट खाते. तिचा बाप कुठेकुठे बांधकामावर असतो, आई नाही. घरी काय खाते देव जाणे."

अंगात लोह उरलं नाही की पोरं माती खातात, खडू खातात, वीट खातात. हे मला पाठ होतं. पण मी ते पुस्तकात वाचलं होतं, आणि ही पोर माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे बसून रोज भिंत खात होती.

आता ती वीट सगळ्यांच्या डब्यांत कशी पोचली एवढंच राहिलं होतं. मधल्या सुट्टीत मी चौथीच्या मॉनिटरला गाठलं. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा गणवेश, आणि मोठ्या बाईंचीच छोटी आवृत्ती. तिला घाबरवावं लागलं नाही, उलट तिला सांगायची हौसच होती.

"मोठ्या बाई म्हणाल्या, डबी आणणार नाही त्याला तळ्यावरच्या सहलीला नेणार नाही," ती म्हणाली. "आणि आम्हाला काही सकाळी होत नाही. आणि मला तर डबीत... ईऽऽ! उंदरीला रोज होते, शाळेत आली की भिंतीमागे. मग आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे डब्या दिल्या. तिने आईस्क्रीमच्या काडीने सगळ्यांना थोडंथोडं दिलं."

"सगळ्यांना?"

"हो. ओळीने. ती म्हणाली, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना मिळेल."

"आणि तिची स्वतःची डबी?"

"तिला पुरलं नाही ना," मॉनिटर म्हणाली. "मग ती सहलीला नाही आली."

मला आधी हसू आलं. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. स्वच्छ गणवेशातली, वास मारतो म्हणून तिच्या बाकावर न बसणारी पोरं, हातात डब्या घेऊन भिंतीमागे ताटकळत उभी, आणि पुढे ती, काडी घेऊन, वाढपी असल्यासारखी. सगळे नावेत बसले आणि ती वीट खात बसली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. परिषद हातची गेली ना! पण एवढं म्हणेन की त्यांनी ते नाकारलं नाही. डब्या बघितल्या, चोथा बघितला, आणि बिस्किटाचा पुडा मिटून खिशात ठेवला. "मोठ्या बाईंना सांगायलाच हवं," म्हणाले.

"सांगा. पण मुलीचं नाव सांगू नका. एवढंच सांगा की सगळ्या डब्यांत एकाच मुलाची शी होती, नमुने चुकले, स्वयंपाकिणीचा दोष नाही."

त्यांनी तसंच सांगितलं. पण मोठ्या बाई त्या, एवढ्यावर थांबतील तर! "म्हणजे माझ्या शाळेत कुणीतरी एक मूल असं आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून सरळ चौथीच्या वर्गात गेल्या. आम्ही दोघं मागून धावलो.

वर्ग उभा राहिला. मोठ्या बाईंनी फळ्यासमोर हाताची घडी घातली. "सगळ्यांच्या डब्या एकाच मुलाने भरल्या, हे मला कळलंय. कोण ते?"

कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. कुणालाही स्वतःच्या डबीची आठवण झाली नाही. त्या बाकावर एकटी बसलेली पोर उभी राहिली. तिचे ओठ पांढरट होते, डोळ्यांखाली सूज होती, पोट गणवेशाबाहेर आलं होतं आणि हात काटक्या. पण ती हसत होती. इतक्या दिवसांत कुणीतरी मोठं माणूस वर्गात येऊन तिला शोधत होतं.

"माझी होती," ती म्हणाली. "सगळ्यांना पुरवली."

मोठ्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि नाकाला लावला. दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांची पाठ फळ्याला टेकली. "दप्तर उचल," त्या रुमालातून म्हणाल्या. "आजच्या आज घरी. तुझं पोट स्वच्छ झाल्याचा कागद आणशील तेव्हाच आत यायचं. बाकीच्यांनी साबणाने हात धुवा."

पोरीचं हसू जायला वेळ लागला. तिला आधी वाटलं, मोठ्या बाई दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. तिने मागे वळून बघितलं, मागे भिंत होती.

बाहेर आल्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं प्रकरण मिटलं समजा. तिच्या डबीची आता गरज नाही." आणि माझा जीव भांड्यात पडला. हो, पडला. खोल्या राहिल्या, नोकरी राहिली, मी चक्क सुटकेचा श्वास सोडला. आणि लगेच मला त्या श्वासाची अशी शिसारी आली की थुंकावंसं वाटलं.

"डॉक्टर, गाडीत जंतांच्या गोळ्या आहेत ना? तिला एक द्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुलनेसाठी ही शाळा बिनगोळीच्या गटात ठेवलीय. वर्षअखेरीपर्यंत इथे गोळी द्यायची नाही. एका मुलाला दिली तरी सगळं गणित बिघडतं."

"ती तर तुमच्या गणतीतच नाही. तुम्हीच काढलीत."

गाडीचं दार उघडंच होतं. मी त्यांच्यादेखत डबा उघडला, एक गोळी घेतली, लोहाच्या औषधाची बाटली घेतली आणि चालायला लागले. त्यांनी मला अडवलं नाही. उद्या माझ्यावर शेकलं तर शेकलं.

स्वयंपाकघरात चूल विझलेली होती. पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवलेले, भाज्या चिरून ठेवलेल्या, आणि ताई एप्रन काढून, नीट घडी करून, ओट्यावर ठेवून पायरीवर बसली होती. तिच्या शेजारी दप्तर मांडीवर घेऊन उंदरी. फाटकाकडे निघालेल्या तिला ताईने हाताला धरून आणलं होतं.

"ताई, सुटलीस," मी म्हटलं. "तुझी डबी नको म्हणाल्या."

"ऐकलं. ही तुमच्या मागेच होती, हिनेच सांगितलं सगळं."

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. जेवणाची घंटा जवळ आली होती आणि फोडणीचा वास नव्हता, हे त्यांच्या नाकाला रुमालातूनही कळलं होतं. "हे काय? चूल बंद का? आणि ही मुलगी इथे? जिथे अन्न शिजतं तिथे?"

"मीही घरीच चाललेय, बाई," ताई शांतपणे म्हणाली. "स्वच्छ पोटाचा कागद नाही त्याला शाळेत यायचं नाही, असा नियम झालाय ना? माझ्याकडेही कागद नाही. मी डबी दिलेलीच नाही."

"तुमची गरज नाही म्हटलं ना मी!"

"असं कसं? नियम पोरीला लागतो आणि मला लागत नाही? उद्या कुणाला काही झालं तर? हिचा कागद येईल तेव्हा माझाही येईल. तोवर जेवण तुम्ही बघा. तांदूळ धुतलेले आहेत."

मी ताईचा दंड धरला. आताच तर खोल्या वाचल्या होत्या! पण तिची नजर आमच्या खोल्यांच्या दाराकडे गेली, तेव्हा मला कळलं की तिलाही खोल्या सोडतानाची बोचकी दिसतायत. वरून शाळेच्या सगळ्या वर्गांचा कलकलाट ऐकू येत होता. मोठ्या बाईंनी पातेल्याकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि त्या धुतलेल्या तांदळात हात घालायच्या कल्पनेने त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही.

"बसू दे तिला," शेवटी त्या म्हणाल्या. "पण इथेच, पायरीवर. वर्गात नाही. आणि भांड्यांना हात लावायचा नाही." आणि टाचांचा आवाज करत निघून गेल्या. बूट त्या काढत नाहीत.

ताईने एप्रन बांधला आणि चूल पेटवली. मी उंदरीसमोर उकिडवी बसले आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. नखांत अजून लाल वीट होती.

"चावून खा. गोड असते."

"याने काय होतं?"

"तुझ्या पोटात जंत आहेत ना, ते मरतात. मग तुला शक्ती येईल. वीट खावीशी वाटणार नाही."

"सगळे मरतात?"

"सगळे."

तिने मूठ मिटली. गोळी तोंडात घालेना. माझ्याकडे बघितलं, मग ताईच्या पाठीकडे, मग वर, जिथून तिच्या वर्गाचा आवाज येत होता तिकडे.

"डबीत जंतच बघतात ना? मग पुढच्या सहलीला पोरं माझ्याकडे काय मागायला येतील?" तिने विचारलं.

फोडणी टाकायला उचललेला ताईचा हात तसाच वर राहिला.